मुंबईहून चांदणी

हनीफ अत्तरवाल्याच्या ढाबळीत त्या रविवारी सकाळी दहा कबुतरं होती, दोन अंडी होती आणि पाच दिवसांची दोन पिल्लं होती. पिल्लांची आई, अकरावी, चांदणी. ती मुंबईला होती.

पैज लियाकत बांगडीवाल्याशी लागली होती. मुंबईत बोरीबंदरच्या आसपास सकाळी आठला पक्षी सोडायचा आणि नाशकात तो आपल्या ढाबळीत उतरला की वेळ धरायची. ज्याच्या पक्ष्याला जास्त वेळ लागेल त्यानं तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. पंच म्हणून शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला सावळीराम. आगगाडीनं मुंबई एकशे सतरा मैल. पण कबूतर कसाऱ्याच्या घाटातून वळसे घेत येत नाही, म्हणून सावळीरामनं नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर काढलं होतं. पंच्याण्णव मैल.

लियाकतचा नर आदल्या रविवारी दहा चौतीसला उतरला होता.

आज दहा चौतीस होऊन गेले. हनीफची मान वर बघून बघून अवघडली.

“हनीफमियाँ,” लियाकत म्हणाला, “तुमची राणी इगतपुरीला चहाला थांबली वाटतं.”

“थांबली तरी घरीच येईल. तुझ्या नरासारखी शेजारणीच्या गच्चीवर नाही बसायची.”

बरोबर अकराला चांदणी उतरली आणि तडक पिल्लांकडे गेली.

“तीन तास,” सावळीराम म्हणाला.

हनीफनं तिला हातात घेऊन पंख उलगडून पाहिले. एक पीस तुटलेलं नव्हतं, कुठं ओरखडा नव्हता. मग वाटेत हिनं केलं काय? त्याला उमगेना. पण शब्द दिला होता. त्यानं पिंजरा काढून ठेवला.

त्याची बायको हाजरा दारातच उभी राहिली. “पिल्लांच्या चोचीत चारा घालतेय ती, लियाकतभाई. जरा तरी लाज धरा!”

“भाभी, पैज ती पैज. संध्याकाळी नेतो. तोवर भरवू दे त्यांना.”

चारच्या सुमारास हनीफचा धाकटा भाऊ हबीब टांग्यातून उतरला. पक्षी सोडायला तोच मुंबईला गेला होता. लियाकत पिंजरा न्यायला आलाच होता.

“गाडी चुकता चुकता वाचलो, भाईजान!” हबीब धापा टाकत म्हणाला. “मार्केटच्या घड्याळात आठ वाजले, चांदणीला सोडलं, दोन घोट चहा घेतला. स्टेशनात शिरतो तर तिथं पावणेनऊ होऊन गेलेले! वेडंच शहर आहे.”

सावळीरामनं डोळ्यावरचं भिंग काढलं. “वेडं नाही. गावात मुंबई टाइम, रेल्वेला स्टँडर्ड टाइम. गावातलं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं मागं. आपलं इथलं घड्याळ रेल्वेसारखं.” मग लियाकतकडे वळून म्हणाला, “तुझा नर कुठल्या घड्याळावर सोडला होता?”

लियाकतनं खोटं सांगितलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं.

“फलाटावरच्या,” तो म्हणाला. “माझा मेहुणा तिथंच उभा होता.”

त्यानं रिकामा पिंजरा हनीफसमोर सरकवला. “उद्या माझा नर आणून देतो.”

सावळीरामनं हिशेब पुन्हा केला. अंतर पंच्याण्णव मैल. लियाकतचा नर, दोन तास चौतीस मिनिटं. चांदणी, दोन तास एकवीस.