सोमारीचं उधईचं मडकं

मी उधईचं मडकं बोलतोय. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात वाळवीला उधई म्हणतात. लाकडाची चौकट आतून पोखरणारी, भिंतीवर मातीचे बोळ चढवत जाणारी, तीच ती. तिला घालवायला माणसं काय काय करतात. मला मात्र तिला बोलवायला ठेवलं होतं.

जन्मलो पाण्यासाठी. कुंभाराने घडवलं, भट्टीत भाजलं आणि सोमारीने बाजारातून डोक्यावर घरी आणलं. दोन उन्हाळे मी तिच्या घरचं पाणी गार केलं. मग काठाचा टवका उडाला, बुडाला चीर गेली, आणि मी झिरपायला लागलो. झिरपणारं मडकं घरातून अंगणात जातं, तसा मीही गेलो.

घरात माणसं दोनच. सोमारी आणि तिची नऊ वर्षांची नात दिव्यानी. मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. दिव्यानीला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. हातपाय दुखायला लागले की पोरगी भिंतीला पाठ लावून बसते, रडतसुद्धा नाही. तिला तपासायला येणारी गावची आशा कार्यकर्ती इंदुताई एकदा ओट्यावर बसून म्हणाली, "सोमारीबाई, गोळ्या चुकवू नको. अन् पोरीले रोज एक अंडं देत जा. अंगात काई तर राह्यलं पायजे तिच्या."

सोमारीकडे सात कोंबड्या होत्या, गावरान. पण पोटभर खायला मिळाल्याशिवाय कोंबडी अंडं कुठून देणार? सोमारी तालुक्याला जाऊन कोंबड्यांच्या खाद्याचा भाव विचारून आली. भाव ऐकला आणि गोणीवर ठेवलेला हात तिने काढून घेतला. पूर्वी गावात धान भरडायची मशीन होती, तिथला कोंडा न् कणी तिला मिळायची. आता बहुतेक घरी रेशनचा तांदूळ. तो आयता पांढराशुभ्र येतो, त्याच्यासोबत कोंडा येत नाही. मशीन बंद पडली. मग सोमारी बांधावरच्या गोगलगायी वेचायची, शेवग्याचा पाला चिरून टाकायची, शिळा भात मळून द्यायची. कोंबड्या जगत होत्या, पण अंडी आठवड्याला दोन-तीनच.

तेव्हा तिला माहेरची रीत आठवली. तिने मला धुतलं, आत ओली तणस म्हणजे धानाचा पेंढा, शेण आणि गोणपाटाचा तुकडा भरला आणि उधईच्या मातीवर पालथं घातलं. सकाळी उचललं तर माझं पोट पांढऱ्या किड्यांनी वळवळत होतं. अंगणात उपडं करताच कोंबड्या अशा धावल्या की दिव्यानी खळखळून हसली. त्या घरात ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

मग रोज तसंच चाललं. काबरी नावाची कोंबडी तर मला येताना पाहूनच ओरडायची. अंडी वाढली. दिव्यानी रोज एक खायची, आणि दुखणं आलं तरी लवकर उठून बसायची.

चैत्रात माती तापली. उधई खोल गेली. जंगलाच्या कडेला वारुळं होती, पण तिकडे वाघ फिरत होता आणि एकट्याने जायची सोय नव्हती. सोमारीचा दीर वारलू पलीकडेच राहतो. त्याचं नवं घरकुल झालं होतं, मागे लाकडं रचलेली. तोच म्हणाला, "वयनी, माया घरामागं ठेव तुयं मडकं. चौकटीले खाऊन राह्यली उधई. तुया कोंबड्याईचं पोट भरंल, मायी चौकट वाचंल."

महिनाभर दोघांचंही बरं चाललं.

मग एके दिवशी दिव्यानीला जास्त झालं. रक्त चढवायला सोमारी तिला घेऊन चंद्रपूरला गेली. जाताना मला तिथेच पालथं ठेवून गेली. तिच्या मागे उधई पुन्हा चौकटीला लागली, तेव्हा वारलूने दुकानातून उधई मारायचं औषध आणलं आणि घराच्या पायाच्या कडेने, लाकडांखाली ओतलं. मी लाकडांच्या आडोशाला होतो. त्याच्या मनातही मी नव्हतो.

मातीत वास मुरतो. तो उग्र वास माझ्या अंगात शिरला, ओल्या तणशीत शिरला. मला सगळं कळत होतं. बोलता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दोघी परत आल्या. कोंबड्या उपाशी, दारात गलका करत होत्या. सोमारी तशीच मागे आली, मला उचललं, आत पाहिलं. "आज काऊन सुस्त दिसून राह्यली?" ती पुटपुटली. क्षणभर थांबली. मग कोंबड्यांचा आवाज ऐकून तिने मला अंगणात उपडं केलं.

दुपारपर्यंत सहा कोंबड्या माना टाकून पडल्या. काबरी दिव्यानीच्या मांडीवर मेली.

वारलू धावत आला. डोक्याला हात लावून उकिडवा बसला. "वयनी, मले ध्यानातच नाई राह्यलं वो. सांगाले पायजे होतं तुले."

सोमारीने काबरीला नातीच्या मांडीवरून उचलून घेतलं. "तुयी चौकट खाऊन राह्यली होती," ती म्हणाली. "तू तरी काय करशील." शेजाऱ्यांनी विचारलं, कापून खाता येतील का. तिने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः खड्डा खणला.

वाचली एकच, खुराड्यात अंड्यांवर बसलेली. तिला सात पिल्लं झाली. पिल्लांना मऊ खाणं लागतं, आणि उधईसारखं मऊ दुसरं काही नाही. सोमारीने मला दोनदा उचललं, आत नाक घालून वास घेतला, आणि खाली ठेवलं. दिव्यानी दगडाने तांदूळ बारीक करून टाकायची. पिल्लं एकेक करून कमी होत गेली.

परवा दुपारी आजीचा डोळा लागलेला पाहून दिव्यानीने माझ्यात तणस भरली. मला छातीशी धरून ती वारलूच्या घराकडे निघाली, दर चार पावलांवर थांबत, धापा टाकत. सोमारीला जाग आली. तिने धावत येऊन मला हिसकावलं आणि कुंपणाच्या काट्यांत भिरकावलं. "मारतं का आता त्या पिल्लाईले, पोरी!" ती ओरडली. नातीवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. मग तिथेच मातीत बसून तिने तिला पोटाशी घेतलं.

"आजी, मंग काय द्याचं त्याईले?" दिव्यानीने विचारलं.

सोमारी तिला हाताला धरून घरात घेऊन गेली.

आता मी काट्यांत पडलोय, अर्धा फुटलेला. वास अजून गेलेला नाही. सकाळी दिव्यानी पिल्लांना हाक मारते, ती इथपर्यंत ऐकू येते. कालपासून दोनच धावत येतात. तुमच्यापैकी कुणी दाराशी असलं औषध ओताल, तर आधी शेजारी दोन शब्द सांगून या. माझं एवढंच मागणं. सोमारीला आता त्याचा काही उपयोग नाही.