गळ्यापर्यंत भरलेली टाकी

“मिस्त्री, पाच वाजता माझा टेम्पो येनार. मग मोटार माझी,” दत्तोबा म्हणाला आणि आंब्याच्या सावलीत बसून तंबाखू मळू लागला.

दत्तोबा पिंपरीचा भंगारवाला. मी मोटारीखाली पाठीवर पडलो होतो. सत्तेचाळीस सालची काळी मोटार, तळेगावच्या डॉक्टरांची. डॉक्टर गेले आणि ती सात वर्षे शेडमध्ये उभी राहिली. यंदा त्यांच्या पत्नीने, इंदुताईंनी, ती बाहेर काढली. डॉक्टरांनीच त्यांना चालवायला शिकवले होते. इंजिन सुरू झाले, पण पेट्रोल गळू लागले. तीन मिस्त्री येऊन गेले. त्यांच्या मुंबईच्या मुलाने पत्र लिहिले, घराला आग लागायच्या आत ती भंगारात द्या. ताईंनी त्याला कळवले, शनिवारी पाचपर्यंत गळती सापडली नाही तर देईन.

आज शनिवार होता.

माझे चिंचवडचे गॅरेज चार महिने बंद होते. बायको गेली, चिमा, तेव्हापासून मी पाना हातात घेतला नव्हता. ताईंचा निरोप आला तेव्हाही नाहीच म्हणणार होतो. मग का गेलो, ते नीट सांगता येत नाही.

“सापडली का?” ताईंनी वाकून विचारले.

“न्हाई अजून.”

पंप नवा होता, रबरी नळी नवी होती, कार्बोरेटर साफ केलेला होता. टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतून मी तासभर बघत राहिलो. एक थेंब पडला नाही.

“आधीच्यांनी कसं बघितलं, ताई?”

“असंच. थोडंसं ओतून. पेट्रोल एवढं महागलंय, भरून कोण बघतंय?”

“आनि तुमी?”

“मी दर वेळी भरून घेतली, पुण्याला जायचं म्हणून. सकाळी बघावं तर खाली थारोळं.”

“सगळी टाकी रिकामी?”

“नाही. काटा अर्ध्यावर असायचा. त्याच्या खाली कधी आला नाही.”

“ह्ये त्यांना सांगितलं?”

“विचारलं कुठं कुणी? बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतंय.”

“ते बी खरंच की,” दत्तोबा म्हणाला.

“दत्तोबा, तुम्हाला मोटार चालवता येते?”

“न्हाई.”

“मग तंबाखू खा.”

मी बाहेर आलो. मला आमचा हंडा आठवला. कथलाचा डाग देणारा दारावर यायचा. भोक बुजवून हंड्यात तांब्याभर पाणी घालून दाखवायचा, बघा बाई, गळत न्हाई. चिमा हंडा नळावर न्यायची आणि गळ्यापर्यंत भरायची. “तांब्याभर पान्यासाठी मी हंडा नेत न्हाई,” म्हणायची. तो बिचारा उन्हात ताटकळायचा. कशाला छळतेस त्याला, असे मी म्हणायचो.

टाकी सोडवली. पेट्रोल डब्यात काढले. टाकी बाहेरून कोरडी पुसून विटांवर ठेवली आणि विहिरीचे पाणी ओतू लागलो. अर्ध्यापर्यंत काही नाही. आणखी एक बादली ओतली. टाकीच्या मधल्या सांध्याच्या वर ओल आली, मग तिचे थेंब झाले. सुईच्या टोकाएवढी पाच भोके होती.

सात वर्षे टाकी अर्धी भरून उभी होती. पेट्रोलखालचा पत्रा चांगला राहिला होता. वरच्या रिकाम्या भागाला आतून गंज चढला होता.

“ह्ये बघा, ताई,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

पत्रा खरवडला. टाकी आडवी करून, भोकांच्या जरा खालपर्यंत पाणी ठेवूनच डाग दिला. पेट्रोलची वाफ असलेल्या टाकीजवळ विस्तव नेणारा मिस्त्री दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. परत काठोकाठ भरली. कोरडी. मग रिकामी करून उन्हात वाळवली, बसवली आणि ताईंकडे डब्यांत होते तेवढे सगळे पेट्रोल ओतले. काटा शेवटाला टेकला. खाली वर्तमानपत्र पसरले.

टेम्पो आला तेव्हा पाच वाजले होते. दत्तोबाने स्वतः वाकून वर्तमानपत्र ओढले, उलटेसुलटे केले, हुंगले.

“कोरडं हाय,” तो म्हणाला. “लोक म्हनत व्हते, ज्ञानदेव मिस्त्री संपला.”

“कोन म्हनत व्हतं?”

“मीच.”

ताई हसता हसता शेडच्या खांबाला टेकल्या. मग पदर खोचून मोटारीत बसल्या. “चला, तुम्हाला घरी सोडते.”

दत्तोबाचा रिकामा टेम्पो देहूरोडपर्यंत आमच्या मागे होता, मग मागे पडला. आकुर्डीला कंपनी सुटली होती. सायकलवरची माणसे वळून वळून बघत होती, काळी मोटार आणि चालवणारी पांढऱ्या केसांची बाई. ताईंनी दोनदा हॉर्न वाजवला. गरज नव्हती. मी काच खाली करून हात बाहेर काढून बसलो, साहेबासारखा.

दारात उतरताना त्या म्हणाल्या, “सोमवारी गॅरेज उघडताय ना?”

“उघडतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेलो. चार महिने मी बादलीच नेत होतो. त्या दिवशी हंडा नेला. शेजारच्या कौशल्याबाईंनी जागा करून दिली.

“भाऊ, एकट्याला एवढं पानी?”

“गळतो का बघायचाय,” मी म्हणालो.

गळ्यापर्यंत भरला. खांद्यावरून आणून चिमाच्या जागेवर, चुलीशेजारी ठेवला आणि समोर बसलो. बराच वेळ बसलो. खालची फरशी कोरडी होती.