द्वारपालाची वही

मुकुट डोक्यावर नीट बसेना. हेमाने दोन्ही बाजूंनी पिना खोचल्या, मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "परफेक्ट. काका, आता तुम्ही नुसतं बसायचं."

"आणि बोलायचं काय?" गेनबांनी विचारलं.

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे."

गेनबांच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही होती. हेमाने ती त्यांना नुकतीच परत केली होती.

"वाचलीत?"

"म्हणजे, चाळली. खूप गोड लिहिलंय, काका. पण माझा द्वारपाल जरा विचार करणारा आहे."

"मग माझा काय करतोय?"

कोपऱ्यात भाला फिरवत उभा असलेला शरच्चंद्र खो खो हसला. मालिकेतला चेहरा म्हणून त्याला सगळं कोथरूड ओळखत होतं, आणि या नाटकात द्वारपाल तोच होता. "काका, दारावरून थेट सिंहासनावर! अशी बढती कोणाला मिळते? पेढे आणा."

गेनबांनी मुकुट चाचपला. वही मात्र त्यांनी पिशवीत टाकली नाही.

हडपसरच्या हौशी मंडळात हे जुनं संगीत नाटक बावीस वर्षं चाललं. त्यातला राजा कानाचा हलका. सेनापती फितूर झाला असं कोणी तरी त्याच्या मनात भरवतं. सेनापती खुलासा करायला येतो. द्वारपाल आत येऊन सांगतो, "महाराज, सेनापती दारात उभे आहेत." राजा उत्तर देत नाही. द्वारपाल बाहेर जातो. पुढच्या प्रवेशात सेनापती एकटाच शत्रूवर चालून गेला आणि पडला अशी बातमी येते. मग राजा पद म्हणतो आणि त्याला वन्समोअर मिळतो. गेनबांनी बावीस वर्षं तेवढं एक वाक्य म्हटलं.

त्यांचं दुसरं काम कोणाला दिसत नसे. राजा व्हायचे आप्पासाहेब. ते हटकून विसरायचे, आणि विंगेतल्या माणसाने वाक्य सुचवलं की ते चौथ्या रांगेलाही ऐकू जायचं. म्हणून बाकी वेळ सिंहासनामागे उभे असलेले गेनबाच मिशीखालून, ओठ न हलवता, पुढचं वाक्य सांगायचे. तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. सबंध नाटक कानात बसलं होतं. प्रयोग संपला की आप्पासाहेब म्हणायचे, "आज काय रंगलो मी!" आणि त्यांनाच चहा आणायला पिटाळायचे.

छप्पन्नाव्या वर्षी गेनबा साक्षरतेच्या वर्गात बसले. नाव लिहिता आलं, पत्ता लिहिता आला, आणि मग त्यांनी ही वही घेतली. एक गोष्ट त्यांना छळत होती. राजा गप्प राहिला, द्वारपाल बाहेर गेला, पण बाहेर जाऊन तो सेनापतीला काय म्हणाला? नाटकात ते कुठेच नव्हतं. ते ठाऊक असणारा माणूस एकच होता.

कोथरूडमध्ये कोणी मुलगी तेच नाटक द्वारपालाच्या बाजूने नव्याने बसवतेय असं कळलं, तेव्हा दोन बस बदलून गेनबा तिथे पोचले. हेमा वाकून पाया पडली. "तुम्ही तर खरे द्वारपाल!" म्हणत तिने त्यांच्याबरोबर फोटो काढला. आता त्यांना राजा केला होता, आणि या नाटकात राजा मुका होता.

तालमी सुरू झाल्या. शरच्चंद्र पुढे येऊन म्हणायचा, "मी म्हणजे उंबरठा! मी म्हणजे सत्ता आणि सत्य यांच्यामधली फट!" आणि भाला गरकन फिरवायचा.

एकदा गेनबांना राहवेना. "अहो, भाला फिरवायचा नसतो. त्याच्यावर टेकायचं असतं. उभं राहून पाय सुजत्यात."

"राजाला हो कशाला द्वारपालाच्या पायांची काळजी?" शरच्चंद्र म्हणाला. सगळे हसले. हेमाने आपल्या वहीत काही तरी लिहिलं, पण ते पायांबद्दल नव्हतं.

घरी बायकोने, आनंदीबाईंनी, विचारलं, "राजा झालात म्हणं?"

"मुका राजा."

"मग घरात तरी बोला. चार दिस झालं तोंड पाडून बसलाय."

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. दुसऱ्या अंकात शरच्चंद्र सिंहासनापुढे दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला. उंबरठा झाला, फट झाली, आणि तो थांबला. थांबलाच. विंगेत हेमा घाईघाईने पानं उलटू लागली. वाक्य सुचवायला तिने माणूसच ठेवला नव्हता.

गेनबांना त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. अशी घामेजलेली मान त्यांनी बावीस वर्षं पाहिली होती. हेमाचं पुढचं वाक्य त्यांना येत होतं. दोन महिन्यांत तेही कानात बसलं होतं. पण मिशीखालून बाहेर पडलं ते वहीतलं.

शरच्चंद्रने ते झेललं आणि शब्दाला शब्द म्हटलं.

"बाहेर सेनापतींनी विचारलं, महाराज काय म्हणाले? मी म्हटलं, महाराजांचा डोळा लागलाय. महाराज टक्क जागे होते. सबंध जन्मात मी माझ्या मनानं बोललो ते एवढंच, आणि तेही खोटं."

भाला न फिरवताच तो उभा राहिला. नाट्यगृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

प्रयोगानंतर हेमाने शरच्चंद्रला मिठीच मारली. "हे आलं कुठून?"

त्याने एकदा गेनबांकडे पाहिलं, मग टॉवेल शोधू लागला. "आलं. आतून आलं."

हेमाने तिथेच लाल पेनने ती वाक्यं संहितेत उतरवून घेतली. जाता जाता गेनबांना म्हणाली, "काका, काय स्थिर बसला होतात तुम्ही! अगदी पुतळा."

गेनबांनी तोंड उघडलं, पण तोवर ती पुढे गेली होती. बसमध्ये त्यांनी वही काढून ते पान पाहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण त्यांचंच होतं.

दुसरा प्रयोग रविवारी दुपारी होता. रंगपटात शरच्चंद्र खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. "काका, त्या वहीत अजून आहे का असं काही?"

"हाय की."

"मग आज त्याच जागी मी जरा थांबतो. तुम्ही सांगा."

"वहीच देतो. वाचा."

"आता कुठे वेळ आहे? तुमचं तोंडी बरं असतं."

"हेमाताईंना सांगितलंत का, ते कोणाचं हाय?"

"सांगू हो. निवांत सांगू." शरच्चंद्रने आरशात पाहून भुवई नीट केली.

दुसरा अंक आला. त्याने डोळा लागल्याचं सांगितलं, टाळ्या आल्या. त्या ओसरल्यावर तो थांबला आणि मान किंचित मागे कलली.

पुढचं पान गेनबांच्या जिभेवर होतं. सेनापतींनी प्यायला पाणी मागितलं, आणि ते आणायला द्वारपालाला दार सोडता येईना, ते पान. त्यांनी दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर ठेवले आणि समोर पाहिलं.

शरच्चंद्रची मान आणखी कलली. "काका," तो पुटपुटला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. कोणी तरी खोकलं, मग आणखी कोणी तरी. राजा हलला नाही. त्याला तसंच बसवलं होतं. शेवटी शरच्चंद्रने कशीबशी ती फटीचीच ओळ पुन्हा धरली, आणि भाला त्याच्या हातून निसटता निसटता राहिला.

प्रयोग संपल्यावर तो रंगपटात तणतणत आला. मागून हेमाही आली, हातात लाल खुणांची संहिता घेऊन.

"काय झालं काय? किती वेळ वाट पाहत उभा होतो मी!"

"कसली वाट?" हेमाने विचारलं.

शरच्चंद्र टॉवेल शोधू लागला.

गेनबा आरशासमोर बसून मुकुटाच्या पिना एकेक काढत होते आणि निळ्या वहीवर ओळीने ठेवत होते. शेवटची पीन ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"महाराजांचा डोळा लागला होता," ते म्हणाले.

हेमा हसली. शरच्चंद्र हसला नाही. त्याच्याकडे पाहता पाहता तिचं हसूही थांबलं, आणि ती पिनांखालच्या वहीकडे पाहू लागली.