पिठातली गुळवेल

"तोंड वाकडं करायचं आसंल तर घरी जाऊन करा. गिलास हितंच रिकामा झाला पायजे," तुळजाबाई म्हणाल्या, आणि अभय साहेबांनी डोळे मिटून गुळवेलीचा रस घशाखाली ढकलला. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस सहा वर्षं रोज सकाळी टेकडी चढण्याआधी एवढं ऐकून घेत होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला येत होता.

वारज्याच्या टेकडीवर चालायला जाणारी निम्मी मंडळी तशीच होती. घडीचं टेबल, त्यावर स्टीलच्या चार बरण्या: कारलं, आवळा, गव्हांकुर आणि गुळवेल. फलक नाही, माहितीपत्रक नाही. तुळजाबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे लिहिणार कोण आणि कशाला? कोणाला शुगर, कोणाचे गुडघे, कोणाच्या अंगावर पित्त उठतं हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कोरोनाच्या साली तर पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रांग लागायची. तेव्हापासून लोक त्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणायचे आणि त्या ते कधी खोडून काढायच्या नाहीत. दोन्ही तळव्यांच्या रेषांत पाल्याचा हिरवा रंग कायमचा मुरला होता. साबणाने जात नसे. जावा असं त्यांनाही वाटत नसे.

त्या दिवशी सातलाच त्या टेबल मिटायला लागल्या. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा साईनाथला दवाखान्यात दाखवायचं आहे एवढंच त्या बोलल्या.

"त्यालाही हेच देत असाल ना रोज?" साहेबांनी सहज विचारलं. "घरातच वैद्य आहे म्हटल्यावर."

तुळजाबाईंनी पेला विसळला, पुसला आणि तोच पेला पुन्हा विसळला. साहेबांनी जरा चमकून पाहिलं. 

साईनाथ त्यांचा एकुलता एक. दहा महिन्यांपूर्वी त्याला किडनी बसवली होती. दोन्ही किडन्या गेल्यात असं कळलं त्या दिवशीच तुळजाबाईंनी डॉक्टरांपुढे सांगून टाकलं होतं की माझी काढा, आजच्या आज काढा. तपासण्या झाल्या आणि वयामुळे, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांना नको म्हटलं. जन्मात कधी डोकं दुखलं म्हणून न झोपलेल्या बाईला एका कागदाने नापास केलं. पास झाली ती सून. ऋतुजा मूळची वर्ध्याची, हिंजवडीत नोकरी करायची, साईनाथशी तिने आपल्या मनाने लग्न केलेलं. सहा वर्षं तुळजाबाई तिला पाठीमागे 'वर्धेवाली' म्हणत आणि समोर शक्यतो काहीच म्हणत नसत. त्या वर्धेवालीने सही केली, पोट फाडून घेतलं आणि महिन्याभराने कामावरही गेली. तुळजाबाईंनी तिची सगळी उस्तवार केली, पथ्याचं रांधलं, आंघोळीला पाणी काढून दिलं. पण आपल्या लेकाच्या पोटात आपलं काहीच गेलं नाही, ही सल काही निघाली नाही.

घरी येताना दवाखान्यातून एक लांबलचक यादी आली होती. ऋतुजाने ती मोठ्याने वाचून दाखवली. बाहेरचं खाणं बंद, कच्चं बंद, आणि घरगुती काढे, चूर्णं, झाडपाल्याची औषधं सगळी बंद. हे शेवटचं वाचताना तिचा आवाज जरा खाली आला, आणि तुळजाबाईंना वाटलं, ही ओळ हिनेच घातलेली दिसते. गोळ्यांनी साईनाथची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवायची असते, असं तिने दोनदा समजावलं. तुळजाबाईंनी ऐकून घेतलं. सगळं गाव शक्ती वाढवायला आपल्या दारात येतं आणि हे डॉक्टर ती कमी करायच्या गोळ्या देतात. असला उफराटा कारभार त्यांच्या मनाला पटला नाही.

मग थंडीत साईनाथला खोकला धरला. पंधरा दिवस हटेना. तोंडाला मास्क लावून तो पलंगावर बसून राही आणि भिंतीपलीकडून त्याची ढास ऐकताना तुळजाबाईंचा जीव तीळ तीळ तुटे.

खाली पार्किंगच्या कडेला त्यांचा कडुलिंब होता. शेत गेलं, त्यावर सात मजले उभे राहिले, त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला. पण झाड तोडायचं नाही या बोलीवर त्यांनी बिल्डरला अंगठा दिला होता. त्या लिंबावर चढलेली गुळवेल गेनबांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, लावलेली. लिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची. तुळजाबाईंनी तिची जाड कांडं आणली, ठेचली, पाण्यात भिजत घातली, आणि तळाला बसलेलं पांढरं सत्त्व वाळवून डब्यात भरलं. ते ज्वारीच्या पिठात मिसळलं की डोळ्यांना कळत नाही. भाकरी तर रोज त्याच थापायच्या. ऋतुजा मिठाचा कण न् कण मोजायची, पाणी मापून द्यायची, पण सासूने थापलेली भाकरी कोण तपासणार?

आठ दिवसांत खोकला गेला. तुळजाबाई कोणाला काही बोलल्या नाहीत. फक्त त्या आठवड्यात टेकडीवर त्यांचा आवाज जरा जास्तच चढा होता.

दवाखान्यात डॉक्टर कल्याणींनी रिपोर्ट दोनदा पाहिला. बाई तरुण होत्या, पण हसून बोलायच्या. आज हसल्या नाहीत. किडनी बिघडली की वाढणारं रक्तातलं क्रिएटिनिन एक पॉइंट एकवरून दोन पॉइंट तीनवर गेलं होतं. नवी किडनी शरीर नाकारतंय की काय ते बघायला तिचा तुकडा काढून तपासावा लागेल, आजच भरती व्हा, असं त्यांनी सांगितलं. मग पेन खाली ठेवून त्या ऋतुजाकडे वळल्या. गोळी चुकली का? वेळा पाळल्या का? बाहेरचं काही दिलं का?

ऋतुजा म्हणाली, मोबाइलवर गजर लावून देते, एकही चुकली नाही.

"मागच्या मंगळवारी उशीर झाला होता," साईनाथ खाली बघत म्हणाला. "तुझी मीटिंग होती."

"वीस मिनिटं," ऋतुजा म्हणाली.

 ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं आणि दुसरा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला, जिथे टाक्यांचा व्रण होता तिथे. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. तुळजाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं. गप्प बसायला काहीच कष्ट नव्हते. पीठ संपत आलं होतं, डबा घासून टाकला की कुठे काही उरणार नव्हतं.

त्या उठल्या.

"तिला नका इचारू. हिकडं बघा, माज्याकडं."

डॉक्टरांनी पाहिलं.

"मी घातलीया गुळवेल. भाकरीच्या पिठात. तिला ठावं न्हाई, त्यालाबी न्हाई."

डॉक्टरांनी विचारलं, साधारण किती, चिमूटभर?

"चिमूट कशापायी? दोन चमचे. रोज. आज येकवीस दिस झाले." कबुली देतानाही माप चुकीचं जाऊ नये, याची त्यांना काळजी होती.

साईनाथने "आई" एवढंच म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर तुळजाबाईंना ते सोपं गेलं असतं. बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे ओढली आणि सावकाश सांगितलं. शरीराला ही किडनी परकी वाटते. प्रतिकारशक्ती जागी असली की ती आधी परक्यावर धावून जाते. म्हणून तिला गोळ्या देऊन झोपवून ठेवायचं, जन्मभर. गुळवेल तिला जागं करू शकते. "नक्की त्यानेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरंही कारण असेल. पण..."

"त्यो 'पण' माज्यासाठी हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "कळलं मला. बांधल्यालं कुत्रं मीच सोडलं. तिच्या अंगावर."

साईनाथला आत नेल्यावर दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मधे एका माणसाची जागा रिकामी होती. आधी ऋतुजा बोलली.

"तुम्ही बोलला नसता तर सगळं माझ्यावरच आलं असतं. मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं आसतं," तुळजाबाई म्हणाल्या.

ऋतुजाने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "यादी वाचून दाखवली होती ना मी. काहून केलं मग असं?"

याचं उत्तर तुळजाबाईंकडे होतं. तुझं गेलं त्याच्या पोटात, माझं नाही गेलं. पण ते या बाकावर उच्चारायच्या लायकीचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि समोरची फरशी बघत बसल्या.

शरीर किडनी नाकारायलाच लागलं होतं. तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं. आकडा उतरला, एक पॉइंट सहावर आला आणि तिथेच थांबला. डॉक्टर कल्याणी म्हणाल्या, किडनी वाचली, पण गेलं तेवढं गेलं, आता आहे ते जपायचं.

घरी आल्या त्याच दिवशी तुळजाबाई विळा घेऊन खाली उतरल्या आणि गेनबांची वेल त्यांनी बुंध्याशी कापली. गुळवेलीची जात चिवट. कापलेली वेल लिंबावर तशीच लोंबकळत राहिली आणि पंधरा दिवसांत तिने वरून दोऱ्यासारखी बारीक मुळं मातीकडे सोडली. तुळजाबाई रोज सकाळी टेकडीवर जाण्याआधी ती कापतात. दुसऱ्या दिवशी नवी आलेली असतात. त्या तीही कापतात.

टेबलावर आता तीनच बरण्या. आणि हातात पेला देण्याआधी आता प्रश्न असतो, गोळ्या कसल्या चालू आहेत? किडनीचं, लिव्हरचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारून या, मग या टेबलाशी उभे राहा. काही लोक वैतागून पुढच्या वळणावरच्या गाडीवाल्याकडे जातात. त्याच्याकडे फलक आहे, त्यावर 'इम्युनिटी' असं लिहिलेलं आहे म्हणे. अभय साहेबांनी गुळवेल का बंद केली ते विचारलं, तेव्हा तुळजाबाईंनी चारचौघांत, आवाज न पाडता सांगितलं, "माज्या हातानं माज्या पोराचं नुकसान झालं, म्हणून."  साहेबांनी आवळा घेतला.

घरात भाकऱ्या ऋतुजा करते. तिला येत नाहीत. जाड होतात, कडेला फाटतात, मधे कच्च्या राहतात. साईनाथ मुकाट्याने खातो आणि तुळजाबाईही त्याच खातात. या दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून त्या भाकरीबद्दल एक शब्द निघालेला नाही. आयुष्यात दुसरं काही जपलं नसेल तेवढं त्यांनी ते मौन जपलं आहे.

मागच्या रविवारी त्या कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. ऋतुजाने ओट्यावरून परात उचलली आणि त्यांच्यापुढे आणून ठेवली. शेजारी पिठाचा डबा ठेवला. ती जायला वळली.

"थांब," तुळजाबाई म्हणाल्या. "हितंच बस. भाकरी तव्यावरनं उतरंपत्तुर हलायचं न्हाई."

"आई, त्याची गरज नाही."

"तुला नसंल. मला हाय."

ऋतुजा पाट ओढून समोर बसली. तुळजाबाईंनी डब्यातलं पीठ चाळणीत घेतलं, तिच्यासमोर चाळलं, रिकामी चाळण तिला दाखवली. मग लुगड्याचा पदर खोचला, उठून नळाखाली मनगटापर्यंत हात धुतले आणि परत येऊन दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. आधी उताणे, मग पालथे, मग पुन्हा उताणे.

रेषांमधला हिरवा रंग अजून गेला नव्हता. ऋतुजाने तो नीट पाहिला, आणि पिठात पाणी ओतलं.