वैदेहीचं नाव खोडताना

अध्यक्षमहाराज, तुम्ही भित्रे आहात. माझ्या खर्ड्यातली दोन पानं तुम्ही लाल पेन्सिलीने आडवी कापलीत आणि समासात लिहिलंत, ‘भाषा सुधारावी, प्रसंग वगळावा.’ काशीतल्या मराठी घरांच्या आठवणींचं पुस्तक काढताय तुम्ही. तुम्हाला आठवणी हव्यात, पण धुतलेल्या, घडी घातलेल्या.

बरं, ती पानं खरंच खराब होती. पण का, ते तुम्हाला कळलं नाही. त्यात एक धडधडीत खोटं होतं आणि त्याच ओळीखाली तुमच्या लाल पेन्सिलीने ‘छान’ अशी खूण केली होती.

मी शिकलेली नाही. आठवीत शाळा सुटली, ती पण हिंदी शाळा. मराठी वाचायला मी गावाकडून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, आणि लिहायला पन्नाशीनंतर, शिलाई मशीनवर बसून, ब्लाउजांच्या मापाच्या वहीत मागच्या बाजूने. माझी वाक्यं तुम्हाला खडबडीत लागणारच.

कापलेल्या पानांवर काय होतं ते आधी सांगते. सत्त्याहत्तर सालचा पितृपंधरवडा. वडील वारल्यावर मी आणि आई काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात नरहरगुरुजींच्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहायचो. गुरुजींकडे महाराष्ट्रातून यजमान यायचे. घाटावर पिंडदान, घरी श्राद्ध. आई सोवळ्यात त्या श्राद्धाचा स्वयंपाक करायची. त्या दिवशी कराडचे यजमान होते. आई बाहेरची होती. दुसरा दिवस. तिने ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पंधरवडाभराचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं असतं आणि मग ते तिच्याकडेच राहिलं असतं. तिने रांधलं, ब्राह्मण जेवले, यजमान जेवले. मग गुरुजींना कळलं. संध्याकाळी आम्ही दोघी सामानासकट गल्लीत.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: ‘गुरुजींची मुलगी वैदेही, माझ्याच वयाची, माझी मैत्रीण, तिने चुगली केली.’

मी रोज दुपारी जेवणानंतर आईला पानं वाचून दाखवते. आई त्र्याऐंशीची. कपाळावर हात ठेवून खाटेवर पडते आणि चुका काढते. तुमच्यापेक्षा चांगल्या काढते. ही पानं वाचली तेव्हा म्हणाली, “तीन नाही, चार ब्राह्मण होते. आणि गुरुजी ओरडले असं काय लिहिलंयस? ओरडले कुठे?”

“मला आठवतं ना, ओरडले.”

“हळू बोलले. ‘गंगाबाई, सामान काढा.’ कानात सांगितल्यासारखं. वर यजमान झोपले होते ना! त्यांना ऐकू गेलं असतं तर?”

अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या डोक्यात तो माणूस ओरडत होता. मी ‘ओरडले’ खोडलं, ‘हळू’ लिहिलं. पान एकदम दुप्पट वाईट झालं. म्हणजे चांगलं झालं. पुढे आईने आणखी सांगितलं की यजमानांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. स्वयंपाकघर धुतलं, भांडी राखेने घासली, आणि स्वयंपाकीण कुठे गेली तर म्हणे तिच्या घरचं कुणी आजारी पडलं. दुसऱ्या दिवशी ते लोक गाडीत बसताना म्हणाले, स्वयंपाक फार उत्तम झाला होता. शेजारच्या बाईने ते आईला नंतर सांगितलं. तेही लिहिलं.

वैदेहीचं वाक्य आलं तेव्हा आई उठून बसली. “हे बरं केलंस. लिही तिचं नाव. छापून येऊ दे.”

मी ते वाक्य तसंच ठेवलं.

मग तुम्ही सुमंतला पाठवलंत. समितीचा चिटणीस, बँकेत ऑफिसर, पण आमच्या घरात आला की अजून चप्पल कुठे काढू विचारतो. हातात माझा खर्डा, त्यावर तुमची लाल पेन्सिल.

आई म्हणाली, “कोण, श्रीनिवासचा ना? नाक बापाचंच आहे. अक्कल कुणाची आहे बघू.”

सुमंत हसला. “आजी, ती ठरायची आहे अजून.” मग माझ्याकडे वळून, “मावशी, बाकी सगळं एक नंबर आहे. ही दोनच पानं. अध्यक्षांचं म्हणणं, ते यजमान अजून येतात. चौथी पिढी. उद्या पुस्तक त्यांच्या हातात पडलं तर?”

“पडू दे.”

“गुरुजी तर आता वारले, मावशी.”

“माझी आई नाही वारली.”

आईने विचारलं, “काय म्हणाली ही?”

“म्हटलं तू नाही वारलीस.”

“नाही अजून,” आई म्हणाली आणि परत कपाळावर हात ठेवून पडली.

सुमंतने घाम पुसला. “आणि एक. वैदेहीताईंचं नाव आहे म्हणून मी ही पानं व्हॉट्सअपवर त्यांना पाठवली होती. ग्वाल्हेरला असतात त्या. परवानगी घ्यायला पाहिजे ना.”

माझी मशीन चालू होती. पाय थांबला.

“काय म्हणाली?”

“काही हरकत नाही म्हणाल्या. हे बघा.” त्याने मोबाइल पुढे केला. वैदेहीने लिहिलं होतं, ‘आनंदीला असं आठवत असेल तर असू दे. काकूंची तब्येत कशी आहे?’

माझ्या आईला ती काकू म्हणायची. झालं. एवढंच. तिने मला एक उलटा शब्द लिहिला असता तर मी भांडले असते. भांडण मला येतं. हे मला येत नाही.

सुमंत जाताना म्हणाला, “मावशी, त्यांची हरकत नाही म्हणजे ते वाक्य राहू शकतं. फक्त गुरुजींचं तेवढं काढा.” मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आता जे पहिल्या खर्ड्यात नव्हतं ते. आणि मी विसरले होते असं समजू नका. एक दिवसही विसरले नव्हते. मला ते वाक्य लिहिताना नीट माहीत होतं की मी काय लिहितेय.

गुरुजींच्या कोठीघरात लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी होती. सोवळ्यात नसलेल्याने तिला हात लावायचा नाही. मी लावायची. नळावर हात धुवायचे आणि तसेच ओले घालायचे. एक फोड गालात धरून घाटापर्यंत जायचे. त्या दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोने, बरणी उघडली. वर पांढरी बुरशी.

“कुणी हात घातला यात?” काकूंनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. कोठीघरात आम्ही तिघीच होतो, काकू, मी आणि वैदेही. वैदेहीने मला कितीदा पाहिलं होतं बरणीत हात घालताना. एकदा तिलाही फोड दिली होती. ती गप्प राहिली. माझ्या बोटांना अजून वास येत होता, मी हात पाठीमागे घेतले.

तुम्हाला माहीत आहे, मलाही तेव्हा माहीत होतं, की आपल्या घरांत लोणचं दोनच गोष्टींनी नासतं. एक तर ओल्या हाताने, नाहीतर बाहेरच्या बाईच्या शिवण्याने. काकूंनी एक पाऊल पुढे टाकलं आणि मी म्हटलं,

“मी नाही काकू. आई बाहेरची आहे ना, म्हणून झालं असेल.”

आईने त्या बरणीला हातसुद्धा लावला नव्हता.

अकरा वर्षांची होते, हे मी खर्ड्यात लिहिलं होतं, मग खोडलं. ते लिहिलं की वाचणारा लगेच माफ करतो. आणि पुढची गोष्ट तर अकरा वर्षांची म्हणून सुटणारी नाहीच. रात्री ब्रह्मा घाटाच्या वरच्या नव्या खोलीत आईने विचारलं, “कुणी सांगितलं गं त्यांना?” मी म्हटलं, वैदेहीने. दोन दिवसांनी वैदेही माझं राहिलेलं दप्तर घेऊन आली. आई दारात उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल अशी बोलली, चुगलखोर म्हणाली, आणखीही बरंच. दप्तर घेतलं नाही. दार लावलं. मी दाराच्या आत होते. फटीतून मला तिचे पाय दिसत होते, बराच वेळ. त्यानंतर ती कधी आली नाही, आणि तिने कधी कुणाला सांगितलंही नाही.

सुमंत गेला त्या दिवशी मी वैदेहीचं नाव खोडलं आणि हे सगळं लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्या वेळी मी फार रडले होते त्यात, ते काढलं. दुसऱ्या वेळी काकूंना फारच राक्षसीण केलं होतं, तेही काढलं. काकू फक्त एक पाऊल पुढे आल्या होत्या. तिसऱ्या वेळी उरलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी आईला वाचून दाखवलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. कागद समोर धरला की तोंड झाकलं जातं.

आई मध्ये बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “परत वाच.”

परत वाचलं.

“ओल्या हाताने?”

“हो.”

“हात पुसून घालायचा असतो, गधे.”

खाली गल्लीत कुणीतरी सांडाला हाकलत होतं. मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, “त्या पोरीच्या तोंडावर मी दार लावलं.”

“हो.”

“तू आतच होतीस.”

“हो.”

“आणि मागे मी म्हटलं, छापून येऊ दे तिचं नाव. तेव्हाही ऐकून घेतलंस.”



मी मोबाइल काढला. “फोन लावू तिला? बोलतेस?”

“नको. फोनवर तू रडशील, ती जाऊ दे म्हणेल, की झाली तू मोकळी. मी तिला गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले होते. हेही गल्लीभर कळू दे. छापून आलं की तिला पाठव. मग लाव फोन.”

तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी दे. खिडकी लाव. सकाळचा चहा स्वतः करून घेते, भिंत धरत धरत. दुपारी वाचू का विचारलं की म्हणते, छापलेलं वाच. तिच्या वयात छापून येईपर्यंत थांबणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजत असेल अशी आशा आहे.

तर अध्यक्षमहाराज, सुधारलेली पानं सोबत जोडली आहेत. माझी बाजू मी सुधारली, जेवढी लाज होती तेवढी सगळी घातली. गुरुजींचं मात्र एक अक्षर काढणार नाही. आईचं नाव आधी नुसतं ‘आई’ होतं, आता गंगा नीलकंठ असं पूर्ण लिहिलं आहे. काढायचं असेल तर पूर्ण प्रकरण काढा आणि तसं मला लेखी द्या, म्हणजे मी ते आईला वाचून दाखवीन.

आणि तुम्ही स्वतः वैदिक घरातले, पाठशाळेत शिकलेले, तेव्हा मला एवढं सांगा. माझ्या आईच्या हाताने ते श्राद्ध बाटलं होतं, तर गुरुजींनी यजमानांना उठवून ते पुन्हा का केलं नाही? आणि बाटलं नव्हतं, तर माझी आई रस्त्यावर का? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. बाटलं होतं की नव्हतं? उत्तर द्या.