गुलाबाचं कव्हर

मुखपृष्ठावर टपोरा गुलाब. आत गुलाबाचा पत्ता नाही.

शेजारचा मित्र गाव सोडून गेला म्हणून आईच्या शिलाई मशीनखाली बसून रडणारा मुलगा.

उद्याच्या पेपरात एका माणसाचं खरं नाव.

"ती कुंडी धर जरा," ताई म्हणाली. "नुसता खांबासारखा उभा राहू नकोस."

त्याने कुंडी धरली. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आणि 'प्रवासी' या टोपणनावाने पुरुषांवर जीव जडलेल्या पुरुषांसाठी एक मासिक काढायचा. असं प्रेम हा कायद्याने गुन्हा होता. म्हणून छापखान्यातल्याच एका बागकामाच्या मासिकाची उरलेली कव्हरं त्याच्या अंकांना चढायची. पोस्टमनला वाटायचं, घरोघरी काय बागा फुलल्यात!

आता ही लपाछपी पुरे, असं ठरवून त्याने कायदा बदलण्याची मागणी करणारा लेख वर्तमानपत्राला दिला होता. खऱ्या नावानिशी. सकाळी पेपर दारात पडण्याआधी ताईला सांगायला हवं होतं. आई गेल्यापासून न विचारता आत शिरावं असं हे एकच घर त्याला उरलं होतं.

"ताई, उद्या पेपरात..." तो कुंडीकडेच बघत राहिला. "मी लग्न का केलं नाही, ते..."

"माती दाब. बोटांनी. हां."

"ऐकून तरी घे!"

"काय ऐकू? तुझा प्रवासी मी केव्हापासून वाचतेय."

कुंडी हातून निसटता निसटता राहिली.

झालं होतं असं, की बाइंडरने एकदा गठ्ठ्यांची अदलाबदल केली. ताई बागकामाच्या मासिकाची वर्गणीदार. तिच्याकडे गेला याचा अंक.

"गुलाबाला खत कधी घालायचं ते बघायला उघडला, तर आत दोन पुरुषांची प्रेमकथा! दूध उतू गेलं तरी उठले नाही मी. पुढे आपल्या आईचं शिलाई मशीन आलं, त्याखाली बसून रडणारं पोर आलं. म्हटलं, हा तर आमचाच शहाणा!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. बाइंडरला तेवढं बजावून ठेवलं, मला दर महिन्याला चुकीचाच अंक पाठवत जा."

तो हसायला लागला. हसता हसता मातीच्या हातांनीच डोळे पुसले, आणि सगळं तोंड बरबटून घेतलं.

"आणि भाऊजी?"

"फुरंगटतील चार दिवस. उद्या जेवायला ये. येताना पेपरच्या दोन प्रती आण. एक ते फाडतील, एक मला वाचायला." मग ताईने बोट रोखलं. "पण एक विसरणार नाही हं. त्या गोष्टीत बहिणीला मारून टाकलंस, मेल्या! चांगली धडधाकट बसलेय मी इथं."

"गोष्टीची गरज होती गं."

"गरज म्हणे! पाणी घाल त्या कुंडीला."

त्याने पाणी घातलं. जरा जास्तच.

कायदा बदलला, त्याच्या आदल्या वर्षी ताई गेली.