चढावरचा दम

शेजारच्या सीटवर बसून हायनरने पट्टा आवळला आणि सवयीने पायाने ब्रेक शोधला. तिथे नुसती पत्र्याची जमीन होती. तीस वर्षं तो न्यूरबुर्गच्या या ट्रॅकवर गाडी पळवत आला होता; दुसऱ्याच्या हाती जीव देऊन बसायची ही पहिलीच वेळ.

"काका, पोटभर खाऊन नाही ना आलात?" स्टिअरिंगवर बसलेल्या जोब्स्टने विचारलं. "कालच गाडी धुतलीय."

"तू समोर बघ."

बाहेर हायनरची मुलगी मारायके हसू दाबत उभी होती. हा सगळा घाट तिनेच घातलेला. बापलेकीची मिळून एक पांढरी गाडी होती आणि तिचं इंजिन या हिवाळ्यात खोलायचं होतं. त्यावर सुपरचार्जर बसवू, मारायके म्हणायची. पंपाने हवा कोंबली की हेच इंजिन दीडपट ताकद देईल. हायनरचं पालुपद ठरलेलं, इंजिनाने आपल्याच दमाने श्वास घ्यावा. शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली, "मग मी माझी वेगळी गाडी घेते." त्या दिवसापासून हायनरला अन्न गोड लागेना. जोब्स्टची गाडी अगदी तशीच, फक्त सुपरचार्जर लावलेली.

बेर्गवेर्कच्या वळणापुढे लांबलचक चढ लागतो. हायनर तिथे दरवेळी गाडीला मनातल्या मनात ढकलायचा. जोब्स्टने नुसता पाय दाबला. पाठीवर कुणी भलामोठा तळवा टेकवावा तशी गाडी वर झेपावली. पिवळ्या पडलेल्या बीच वृक्षांची एक भिंत झाली आणि हायनरने श्वास सोडायच्या आत चढ संपलासुद्धा.

उतरल्यावर तो गाडीच्या टपावर हात ठेवून नुसताच उभा राहिला.

"काय, बाबा?"

"राक्षस आहे गं!"

"मग?"

"मग काय? आपली काढ. तू चालव, मी बसतो."

मारायकेने त्याच्याकडे दोनदा पाहिलं. मग हेल्मेट चढवलं.

बेर्गवेर्क जवळ आलं. आता ब्रेक, हायनरच्या मनात आलं. ती ब्रेकला जेमतेम शिवली. गाडी वळणाच्या आतल्या कडेला अलगद घासून बाहेर पडली, आणि वेगाचा काटा होता तिथेच राहिला. वळणातला वेग चढासाठी राखून ठेव, हे त्यानेच तिला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. त्याला स्वतःला तो इतका कधीच राखता आला नव्हता. इंजिन वरच्या पट्टीत गाऊ लागलं. पुढे चाललेली एक दांडगी गाडी चढावरही त्यांच्यापासून सुटेना. मारायकेची नजर पार वर होती, रस्ता अजून दिसतही नव्हता तिथे. हायनरच्या अंगावर काटा आला.

गाडी थांबली.

"बाबा, रडतोयस?"

"हेल्मेट आवळ झालंय." त्याने ते काढलं. "वर्कशॉपला फोन कर. बसवू दे पंप."

"जोब्स्टची एवढी आवडली?"

"त्याची नाही. या इंजिनाकडे तुला शिकवण्यासारखं आता काही उरलं नाही."

ती चाचरली. "पण तसली गाडी तू चालवशील?"

हायनरने सीट जरा मागे सरकवली आणि पाय पसरले.

"अजून एका फेरीपुरतं पेट्रोल आहे ना?" त्याने विचारलं.